मृदुलाबेनच्या नेटची दोन कुलपं

भावनगरच्या आमच्या गल्लीत मृदुलाबेन अंजारियांना मृदुलाबेन कोणी म्हणत नसे. त्या सगळ्यांच्या हॅलोबेन. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी अख्खी नोकरी काढली होती. कानाला हेडफोन, पुढ्यात भोकाभोकांचा फळा आणि हातात वायरी. राजकोटला कोणाचं लग्न जमतंय, मुंबईला कोणाच्या कापसाचे भाव पडलेत, कोणाचा जावई रुसून बसलाय, हे सगळं त्यांच्या कानावरून जायचं आणि तिथंच राहायचं. नवरा कनकराय रोज रात्री जेवताना आशेनं विचारायचा, "आज काय विशेष?" आणि त्या म्हणायच्या, "आज भेंडी विशेष."

एकदा तर त्यांच्या सासूबाईंनीच महुव्याच्या बहिणीला ट्रंक कॉल लावला. ड्यूटीवर मृदुलाबेनचा आवाज असा काही घोटीव व्हायचा, की सासूबाईंना तो ओळखू आला नाही. "सून तशी बरी आहे गं," सासूबाई बहिणीला सांगत होत्या, "पण डाळीत गूळ टाकताना हात आखडतो. आणि घरात अशी वावरते, जणू पाहुणी आलीय." इतक्यात तीन मिनिटं भरली. नियमाप्रमाणे मृदुलाबेननी मध्ये येऊन विचारलं, "तीन मिनिटं झाली, वाढवायची?"

"वाढवा बेन, वाढवा! अजून मी मुद्द्यावर आलेच नाही!"

मृदुलाबेननी वाढवून दिली. घरी मात्र त्या संध्याकाळी डाळीत गूळ इतका पडला, की सासऱ्यांनी आज कोणाचा वाढदिवस आहे म्हणून विचारलं. मृदुलाबेननी तेव्हाही तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

पुढं फळे गेले, वायरी गेल्या, निवृत्ती आली, कनकराय गेले. मुलगी फाल्गुनी लग्न होऊन वडोदऱ्याला. तिनंच आईच्या घरी इंटरनेट घ्यायला लावलं, म्हणजे रोज तोंड बघून बोलता येईल. जोडणी करणारा माणूस आला तो घोड्यावर बसूनच. भिंतीला भोक, भोकातून वायर, वायरीला राऊटरची डबी, डबीला दोन शिंगं. "पासवर्ड एक ते आठ ठेवलाय बेन, लक्षात राहायला सोपा. मागाहून बदलून घ्या," म्हणाला आणि चहा अर्धा टाकून गेला.

मागाहून म्हणजे कधी, ते तोही बोलला नाही आणि मृदुलाबेननीही विचारलं नाही. त्यांनी डबी फ्रिजवर ठेवली आणि पूर्वी टेलिफोनवर घालायच्या तसलं क्रोशाचं झबलं तिला विणून घातलं. डबी त्या झबल्यात दिवसभर तापायची. मृदुलाबेन येता-जाता तिच्यावर हात ठेवून बघायच्या आणि म्हणायच्या, "बिचारी राबते फार."

या डबीचं मृदुलाबेनना खरं सुख कशाचं, तर पुन्हा लोकांच्या लाइनी जोडून द्यायला मिळाल्या याचं. घरात माणूस आलं की आधी पाण्याचा पेला आणि मग पासवर्ड. समोरच्या लाभुबेनना दिला, त्यांच्या दोन्ही सुनांना दिला, दूधवाल्याला दिला. कोपऱ्यावरच्या बटुकभाई गाठियावाल्याला पैसे फोनवर घ्यायचे होते, त्याला दिला. बटुकभाईनं तो गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी दुकानाच्या पाटीवर खडूनं लिहिला, 'ताजे फाफडे'च्या खाली. गाठिया बांधून मिळेपर्यंत माणसं फुकटात जग फिरून यायला लागली.

गल्लीत एकच घर असं होतं, की तिथं नेट गेलं नव्हतं. मृदुलाबेनच्या शेजारच्या वरच्या मजल्यावरचे ओझासाहेब. गणिताचे निवृत्त शिक्षक, एकटे, शिस्तीचे. "माझ्या घरात ते नको," ते ओट्यावर सगळ्यांसमोर सांगायचे. "मन भरकटतं. माणसानं दुपारी झोपावं आणि संध्याकाळी वाचावं." लाभुबेन त्यांच्याकडं बोट दाखवून सुनांना म्हणायच्या, "शिका जरा!"

अशी दोन-अडीच वर्षं गेली. एका दुपारी मृदुलाबेन जेवून झोपाळ्यावर बसल्या होत्या. घराघरांतून झोपाळे असतात, पण मृदुलाबेनचा झोपाळा सागवानी, पितळी कड्यांचा, आणि ती कडी बोलायची. कीऽऽच पुढं, कूऽऽच मागं. मृदुलाबेनना त्याशिवाय डोळा लागत नसे. लागतोय न लागतोय, तोच लाभुबेन फोन हातात धरून आत आल्या.

"हॅलोबेन, तुमच्या नेटचं नाव काय हो?"

"ते कंपनीचं काहीतरी आहे ना. इंग्रजी. आकडेबिकडे आहेत."

"मग हे काय?"

मृदुलाबेननी चष्मा लावला. लाभुबेनच्या फोनवर, जिथं आजूबाजूच्या नेटांची नावं दिसतात तिथं, स्वच्छ गुजरातीत लिहिलेलं होतं: 'झोपाळ्याला तेल घाला'.

"हे... हे कुणाचं?"

"तुमचंच. तुमचाच पासवर्ड चालतोय की त्याला. मी आताच माझी मालिका बघितली."

"आणि हे कोणाकोणाला दिसतं?"

"गल्लीत ज्याच्याकडं फोन आहे त्याला," लाभुबेन म्हणाल्या. मग त्यांना राहवेना. "बटुकभाईच्या दुकानावर तर माणसं वाचून दाखवतायत एकमेकांना. एक जण विचारत होता, हे तेल वाहायचं नवीन देऊळ आहे का."

मृदुलाबेन झोपाळ्यावरून उतरल्या. उतरताना तो वाजलाच. लाभुबेननी तोंडाला पदर लावला.

फाल्गुनीला फोन गेला. ती आधी हसली, मग आईचा श्वास ऐकून थांबली. "मम्मी, नाव बदलायचं तर डबीच्या आतल्या पानावर जावं लागतं. त्याचा पासवर्ड वेगळा असतो. तो तरी बदललास का कधी?"

"वेगळा? अगं एक ते आठ आहे ना?"

"तो नेट वापरायचा. दुसरा असतो तो डबीवर हुकूम चालवायचा. तो कारखान्यातून येतो तसाच राहिला असणार. अशा सगळ्या डब्यांना एकच, आणि शिवाय बुडाला छापलेला."

 मृदुलाबेनचा ड्यूटीवरचा आवाज आला. "म्हणजे लोकांना मी फोन करायला दिला, ते एक. पण माझ्या फळ्याच्या खोलीत कोणीतरी शिरलंय!"

"हो. तसंच."

फळ्याच्या खोलीत त्यांच्या काळी साहेबसुद्धा विचारून यायचा. कलेक्टरच्या शिपायाला त्यांनी एकदा दारातून परत लावलं होतं. आणि आता कोणी उपटसुंभ आत येऊन, वायरी हलवून, वर पाटी लावून गेला! झोपाळ्याचं दुःख केव्हाच मागं पडलं. मृदुलाबेनच्या नोकरीला डाग लागला होता.

"मम्मी, आजच्या आज सगळं बदलून टाकू. मी सांगते तसं कर."

"आधी तो चोर बघते. मग बदलू."

"अगं पण ते महत्त्वाचं नाही..."

"मला आहे," मृदुलाबेन म्हणाल्या आणि लाइन तोडली.

चोर शोधायला त्यांच्याकडं एकच हत्यार होतं, कान. त्या दिवशी क्रिकेटचा सामना होता आणि शेवटच्या षटकांत आला होता. गल्ली चिडीचूप होती. मृदुलाबेननी खिडक्या उघडल्या, फ्रिजजवळ गेल्या आणि ऐन चेंडू टाकताना डबीचं बटन बंद केलं.

आधी बटुकभाईच्या दुकानाकडून बोंब उठली. मग लाभुबेनच्या माडीवरून मोठ्या सुनेचं "हाय हाय!" आणि लगेच धाकटीचं त्याहून वरच्या पट्टीतलं. मागच्या बोळातून दूधवाला. हे सगळे हिशेबातले. मृदुलाबेन डोळे मिटून ऐकत होत्या. आणि मग शेजारच्या वरच्या खिडकीतून, जिथं मन कधीच भरकटत नसे, तिथून एक खर्जातला, शिस्तीतला आवाज आला:

"अरे गाढवा, आत्ताच जायचं होतं तुला?"

मृदुलाबेननी पदर खोचला आणि शेजारचा जिना चढल्या.

ओझासाहेब दारात आले तेव्हा फोन लपवायला त्यांच्याकडं धोतराशिवाय काही नव्हतं.

"जय श्रीकृष्ण, ओझासाहेब. गाढव कोण?"

"कोण गाढव?"

"तेच विचारतेय. आत्ताच गेलं ते."

ओझासाहेबांनी आयुष्यभर मुलांची खोटी उत्तरं पकडली होती. स्वतःला एकही नीट देता येईना. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पासवर्ड पाटीवर होता. फाफड्यांच्या खाली. मी काही चोरला नाही."

"आणि नाव?"

ओझासाहेबांनी धोतरातला फोन काढून मांडीवर ठेवला. मग त्यांचा बांध फुटला. "अकरा वर्षं, बेन! अकरा वर्षं रोज दुपारी! पुढं की आणि मागं कू! पुढं गेला की मी मागं यायची वाट बघत पडतो. मध्येच तुमचा डोळा लागतो, झोपाळा अर्ध्यात थांबतो, आणि माझं ते कू राहून जातं! कशी लागावी झोप?"

"मग तोंडानं सांगायचं होतंत!"

"कनकरायभाई होते तेव्हा त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, मी स्वतः घाबरतो."

मृदुलाबेनना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. "आणि हे उद्योग शिकलात कुठं?"

"व्हिडिओ बघून." मग खालच्या आवाजात, "तुमच्याच नेटवर. डबीच्या पानावर जायचं आणि नावाच्या जागी नि पासवर्डच्या जागी एकच शब्द दोनदा लिहायचा. मला वाटलं, छे, इतकं सोपं कसं असेल. गणितात एवढ्या सोप्या उत्तराला मी शून्य दिलं असतं. पण दार उघडलं की! मी कुलूप तोडलं नाही बेन. ते लावलेलंच नव्हतं."

हे मृदुलाबेनना जास्त लागलं, कारण खरं होतं. त्या उठल्या. जिन्यापर्यंत पोचल्या, तोच ओझासाहेब मागून म्हणाले, "पण ते दुसरं मी नाही केलं हं."

"कुठलं दुसरं?"

"व्हिडिओतल्या पानावर एका ठिकाणी लिहिलं होतं, पत्ते आपोआप घ्यावेत. तुमच्याकडं तिथं भलतेच आकडे हातानं भरलेले होते. आणि बाहेरून हुकूम चालवायची परवानगी चालू. मला वाटलं, फाल्गुनीनं ठेवली असेल, वडोदऱ्याहून बघायला."

फाल्गुनीनं नव्हती ठेवली. तिला पुन्हा फोन लावला, आणि या वेळी ती हसली नाही. "साहेब, ते आकडे वाचून दाखवा बरं, लिहून घेतलेत ना?" ओझासाहेबांनी अर्थातच लिहून घेतले होते. तिनं ऐकले आणि म्हणाली, "मम्मी, हे बाहेरच्या कोणाचं तरी काम आहे. तुमच्या वेळी नंबर माहीत नसला की चौकशीला विचारायचे ना? तसं प्रत्येक फोन आधी डबीला विचारतो, अमकी बँक कुठं आहे. डबी ज्या चौकशीला विचारते, ती चौकशीच कोणीतरी बदलून ठेवलीय. तू बँक मागितलीस, की तो तुला स्वतःच्या खोलीत जोडून देईल आणि दारावर पाटी बँकेचीच असेल. तू इतक्यात फोनवर बँक उघडलीस का?"

मृदुलाबेननी बोटांवर दिवस मोजले. उघडली होती. गेल्याच आठवड्यात, पेन्शन आली का बघायला.

"मग? काही भरलंस?"

"फोनवर लाल अक्षरांत आलं होतं, हे सुरक्षित नाही म्हणून. मला वाटलं, बँकेचंच काहीतरी बिघडलं असेल, गेले पुढं. तर त्यानं आधी कार्डाचा नंबर मागितला. मग मागचे तीन आकडे. मग पिन. मी म्हटलं, हा कुठला उद्धटपणा? आम्ही कधी गिऱ्हाइकाला विचारलं का, तुम्ही आत काय बोलणार आहात ते? दिला ठेवून."

"पिन दिला ठेवून?"

"फोन दिला ठेवून!"

पलीकडं फाल्गुनीनं सोडलेला श्वास वडोदऱ्याहून भावनगरला स्पष्ट ऐकू आला.

मग दोघं मृदुलाबेनच्या घरी आले. नेट बंदच ठेवायचं होतं, म्हणून फाल्गुनी बोलत राहिली ती ओझासाहेबांच्या स्वतःच्या पैशांच्या डेटावर, आणि त्यामुळं ते सारखे "चल बेटा, पुढं, पुढं" करत होते.

"आधी ते झबलं काढ मम्मी. जीव गुदमरतो तिचा."

झबलं निघालं. खाली डबी खिचूच्या वाफाळत्या उकडीसारखी गरम झाली होती.

"आता तिच्या पाठीला एक बारीक भोक असेल. त्यात टाचणी घालून दाबून धर, दिवे विझून पुन्हा लागेपर्यंत. कारखान्यातून आली होती तशी होईल. तो माणूस आणि त्याचे आकडे, सगळं पुसलं जाईल."

मृदुलाबेननी खांद्यावरची सेफ्टी पिन काढली. आयुष्यभर भोकांत वायरी खोचलेला हात, नेम पहिल्याच फटक्यात बसला. ओझासाहेब मात्र भिंतीला टेकून उभे राहिले, शॉक लागला तर धरायला कोणीतरी हवं म्हणून.

"आता पहिलं काम. नेट नंतर, आधी तुझ्या फळ्याच्या खोलीचं कुलूप. लांब ठेव. तुझं नाव नको, माझं नको, पप्पांचं नको, जन्मतारीख नको, देव्हाऱ्यातल्या ठाकोरजींचं नाव नको."

"मग उरलं काय?"

"एखादं वाक्य ठेव. तुलाच सुचेल असं, वेडंवाकडं. आणि मलाही सांगू नकोस."

मृदुलाबेननी ओझासाहेबांकडं बघितलं. ओझासाहेब समजले आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, त्यांनी कित्येक मुलांना केलं होतं तसे. मृदुलाबेन एका बोटानं टाइप करत होत्या आणि मध्येच स्वतःशीच हसत होत्या. मग नेटचा पासवर्ड, तो दुसरा. बाहेरून हुकूम चालवायची सोय बंद. बटन दाबून कोणालाही जोडून घ्यायची सोय बंद. डबीच्या आतलं सॉफ्टवेअर घेतल्यापासून बदललं नव्हतं, ते नवं भरून घेतलं, आणि इथून पुढं आपोआप भरत जाईल असं केलं. तेवढ्या वेळात ओझासाहेबांनी भिंतीकडं तोंड करूनच विचारलं, "शिलाई मशीनचं तेल आहे का घरात?" होतं. त्यांनी स्टुलावर चढून चारही कड्यांना घातलं आणि स्वतः बसून दोन झोके घेऊन बघितले. मृदुलाबेननी त्यांना रकाबीत चहा दिला. कुठल्याच बाजूनं माफीचा शब्द निघाला नाही, पण दोघांनी एकेक रकाबी जास्त घेतली.

त्यानंतर नेटचं काय झालं ते विचारायला गल्ली दारात आली. सगळ्यांत पुढं लाभुबेन, मागं दोन्ही सुना, त्यांच्या मागं गाठियाचा झारा हातात घेऊन बटुकभाई.

"हॅलोबेन, नेट गेलं! एक ते आठ चालत नाही! आठ ते एकसुद्धा करून बघितलं!"

हीच घटका अवघड होती. चोराला जाब विचारणं सोपं, पण दारात आलेल्या माणसाला नाही म्हणायचं मृदुलाबेनच्या घराण्यात कोणाला जमलं नव्हतं. त्यांनी पाणी पुढं केलं. पाणी पिऊन सगळे पुढच्याची वाट बघत उभे राहिले.

"पासवर्ड बदलला," मृदुलाबेन म्हणाल्या. "आणि तो मिळणार नाही."

बटुकभाईच्या झाऱ्यातून तेल ओट्यावर ठिबकलं.

"म्हणजे आम्ही चोर?" लाभुबेन म्हणाल्या.

"तुम्ही पाहुणे. घरात पाहुणा दिवाणखान्यात बसतो ना? माझ्या तिजोरीजवळ बसतो का?" आणि मग फाल्गुनीनं शिकवलेलं त्यांनी सांगितलं. एकाच डबीत दोन नेटं करता येतात, आणि त्यांनी ती केलीही होती. एक घरच्यांचं, एक पाहुण्यांचं. पाहुण्यांच्या नेटवरचा माणूस जगभर जाईल, पण मृदुलाबेनच्या फोनकडं किंवा डबीच्या पानाकडं त्याला जाता येणार नाही. "त्याचाही पासवर्ड आहे, आणि तो बदलत राहणार. आणि बटुकभाई, ती पाटी पुसा आधी. पुन्हा लिहिलीत तर पाहुण्यांचंसुद्धा बंद."

"पाहुण्यांच्या नेटचं नाव काय ठेवलंत?" धाकट्या सुनेनं फोन काढत विचारलं. ओझासाहेब लगबगीनं जिन्याकडं निघाले. त्यांच्या पाठीमागं हशा उठला, कारण नाव दिसलं होतं: 'ओझासाहेब, मन भरकटलं का'. मृदुलाबेननी ते दोन दिवसच ठेवलं. पण तेवढ्यात मारुतीच्या देवळापर्यंत पोचलं.

पुढं महिनाभरात गल्लीत चौघांनी स्वतःची नेटं घेतली. बटुकभाईनं तर जोडणी करणाऱ्याला दुकानात बसवून घेतलं, गाठिया खायला घातले, आणि मृदुलाबेन येऊन बघेपर्यंत उठू दिलं नाही. मृदुलाबेन आल्या, डबी उलटी करून बुडाचं छापील वाचलं आणि त्या माणसाला म्हणाल्या, "मागाहून नाही. आत्ता." त्यानं दोन्ही कुलपं तिथंच बदलली. बटुकभाईला लिहायला लावून तो आणि मृदुलाबेन तोंड फिरवून उभे राहिले.

लाभुबेनच्या घरी मात्र एक अख्खी दुपार गेली. का बदलायचं, कसं बदलायचं, चौकशी म्हणजे काय, बँकेची खोटी पाटी कशी असते, सगळं मृदुलाबेननी तीनतीनदा समजावलं. शेवटी म्हणाल्या, "आणि हा पासवर्ड तुमच्या पोटात ठेवायचा. सुनांना द्या, नवऱ्याला द्या, पण मला सांगायचा नाही. मी आता खाली जाते, मी गेल्यावर लिहा."

लाभुबेननी देवासमोर मान डोलवावी तशी मान डोलवली. मृदुलाबेन जिना उतरल्या, गल्ली ओलांडली आणि स्वतःच्या ओट्यावर पाय ठेवला, तेवढ्यात समोरची माडीची खिडकी धाडकन उघडली.

"हॅलोबेऽऽन! जमलं हो! 'मोठीसूनआळशीधाकटीहावरी', आणि पुढं एकोणीसशे बाहत्तर, माझ्या लग्नाचं साल! बरोबर आहे ना?"

खिडकीमागून एकाच वेळी दोन भांडी पडल्याचा आवाज आला. मृदुलाबेननी चपला काढल्या नव्हत्याच. त्या वळल्या आणि पुन्हा गल्ली ओलांडायला लागल्या.